मातीतल्या पाण्याचा हिशोब: कोकणात घरच्या घरी मातीकाम कसं सुरू करायचं

मातीची भांडी करायला शिकायचंय असं कोणी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, चाक कुठे मिळेल आणि केवढ्याला. चाकाचं नंतर बघू. आधी एक बादली, एक जुनी सुती साडी, पोळपाट लाटणं (हे मात्र वेगळं ठेवा, परत स्वयंपाकात नेऊ नका) आणि भरपूर सवड, एवढं पुरतं. मी कुडाळ-मालवण पट्ट्यात राहते, जवळच्याच कुंभारवाडीतल्या एका काकींकडे बसून शिकले आणि त्यांच्याकडून पहिली गोष्ट जी डोक्यात बसली ती ही की मातीकाम म्हणजे पाण्याचा हिशोब. किती पाणी घालायचं, किती जाऊ द्यायचं, किती वेगाने जाऊ द्यायचं. कोकणात हवेतच एवढं पाणी की हा हिशोब इथे देशावरच्यापेक्षा वेगळा मांडावा लागतो, आणि इंग्रजी व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांची गाडी नेमकी इथेच अडते.

आधी शब्द, कारण सगळे शब्द पाण्याचेच आहेत

पॉटरीच्या क्लासमध्ये जे शब्द कानावर पडतात ते बरेचसे एकाच प्रश्नाची उत्तरं आहेत, मातीत आत्ता पाणी किती.

सगळ्यात जास्त पाणी म्हणजे स्लिप. साईसारखा दाट गाळ. दोन तुकडे जोडायला हाच डिंक, आणि वरून रंगाचा थर द्यायलाही हाच. त्याहून कमी पाणी म्हणजे मळलेली माती, कणकेसारखी, दाबाल तो आकार धरते. मग येते लेदर हार्ड. हा शब्द समजवायला मी नेहमी ओल्या खोबऱ्याचं उदाहरण देते. ओलं खोबरं सुरीने स्वच्छ कापलं जातं, कोरता येतं, पण वाकवायला गेलात तर तुटतं. माती त्या अवस्थेला आली की कान जोडायचे, बूड तासायचं, नक्षी कोरायची, सगळं तेव्हाच. त्यानंतर खडखडीत सुकी, क्लासमध्ये बोन ड्राय म्हणतात. रंग फिका पडतो, वजन हलकं लागतं आणि गालाला लावलं तर गार लागत नाही. ही गालाची परीक्षा लक्षात ठेवा, भाजताना परत लागणार आहे. या अवस्थेतलं भांडं सगळ्यात नाजूक, काठाला धरून उचललं तर काठ हातात येतो.

इथपर्यंतची प्रत्येक अवस्था उलटी फिरवता येते. पाण्यात टाका, परत गाळ. पण साधारण ४५० ते ६०० डिग्री सेल्सिअसच्या दरम्यान मातीच्या कणांच्या आत रासायनिक बांधलेलं पाणी असतं तेही निघून जातं, आणि मग ती माती परत माती होत नाही. शाडूचा गणपती विसर्जनाला विरघळतो तो भाजलेला नसतो म्हणून, आणि दिवाळीची पणती वर्षभर तुळशीपाशी पावसात पडली तरी तशीच राहते ती भाजलेली असते म्हणून. आपल्याकडे मूर्तीसाठी घरचा पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यात, नेऊन देतात, तिथे जाऊन बसलात तर ओल्या मातीच्या सगळ्या अवस्था एकाच खोलीत बघायला मिळतील, फक्त भाजणं तेवढं मिळणार नाही.

एकदा कमी तापमानाला भाजलेलं, सच्छिद्र, पाणी शोषणारं भांडं म्हणजे बिस्क. आणि इतकं तापवलेलं की माती आतून थोडी काचेसारखी होऊन छिद्रं बंद झाली, ते व्हिट्रिफाइड. लाल मातीचं काम म्हणजे टेराकोटा किंवा अर्दनवेअर, ते साधारण ९०० ते ११०० डिग्रीला भाजतात. स्टोनवेअर १२०० ते १३०० ला, पोर्सेलीन साधारण त्याच्याही वर. आपण ज्याला सरसकट चिनीमाती म्हणतो त्यात हे शेवटचे दोन्ही येतात.

माती कुठली घ्यायची

कोकणात सगळीकडे तांबडी माती दिसते म्हणून लोकांना वाटतं वाट्टेल तिथे खणावं आणि मडकं करावं. जांभ्याच्या वरची माती लोखंडाने लाल असते पण ती खडेरी, तिला चिकटपणा कमी. आपल्याला हवी ती भाताच्या खाचरातली, तळ्याच्या काठची, नाहीतर नदीच्या मळईतली, जिथे पाण्याने वर्षानुवर्षं बारीक कण आणून टाकलेत. एप्रिल-मे मध्ये खाचरं सुकलेली असतात तेव्हा ज्याची जमीन त्याला विचारून वरची मुळांची आणि काडीकचऱ्याची माती बाजूला करून हातभर खालची घ्या. खड्डा बुजवून वरची माती परत वर टाका, लावणीच्या वेळेला त्या माणसाला त्रास नको.

खाडीच्या आणि खाजणातल्या मातीचा मोह मात्र टाळा. दिसायला लोण्यासारखी असते, हाताला इतकी मऊ की वाटतं हीच. पण तिच्यात मीठ. भांडं सुकताना पाणी बाहेर येतं ते मीठ घेऊन येतं आणि वर पांढरा लोणा फुटतो, भाजल्यावरही तो डाग जात नाही. धुऊन धुऊन मीठ कमी करता येतं, पण सुरुवातीला कशाला.

दुसरा धोका शिंपल्यांचा, आणि हा मी स्वतः अनुभवलाय. पहिल्या वर्षी मातीत मिसळायला म्हणून समुद्रावरची वाळू आणली, बारीक, स्वच्छ दिसणारी. आठ वाटग्या भाजल्या, सुंदर निघाल्या, आणि आठवड्याभरात एकेक करून त्यांचे टवके उडायला लागले, प्रत्येक टवक्याच्या तळाशी एक पांढरा ठिपका. शिंपला म्हणजे कॅल्शिअम कार्बोनेट. भट्टीत त्याचा होतो कळीचा चुना, आणि तो चुना मग हवेतली ओल पिऊन फुगतो, भिंत फोडून बाहेर येतो. आमच्या हवेत ओलीला काय तोटा. आठच्या आठ गेल्या. तेव्हापासून वाळू फक्त नदीची, आणि नवीन मातीवर आधी व्हिनेगरचे चार थेंब. फसफस झाली तर चुना आहे, ती माती सोडा.

चिकटपणा बघायची परीक्षा सोपी आहे. पेन्सिलीएवढी जाड वळी करा आणि बोटाभोवती गुंडाळा. तुटली नाही, बारीक भेगाही नाहीत, तर माती चांगली, कदाचित जरा जास्तच चिकट. थोड्या भेगा असतील तर चालेल. तुकडे पडले तर ती माती एकटी चालायची नाही.

आणखी एक परीक्षा करायचा कंटाळा करू नका. मातीची १४ सेंटीमीटर लांबीची पट्टी लाटा, त्यावर बरोबर १० सेंटीमीटरची रेघ सुरीने ओढा. सुकल्यावर मोजा, भाजल्यावर परत मोजा. सुकून ९.४ झाली आणि भाजून ९.२, तर तुमची माती ८ टक्के आवळते. शेतातल्या मातीचं हे प्रमाण साधारण ८ ते १२ टक्के येतं. हा आकडा वहीत लिहून ठेवा. कारण १० सेंटीमीटर तोंडाचं भांडं पाहिजे असेल तर ओलं असताना ते जवळजवळ ११ चं करावं लागेल, आणि झाकण व भांडं एकाच मातीचं, एकाच दिवशी करावं लागेल, नाहीतर दोन्ही वेगवेगळं आवळतात आणि बसत नाहीत.

गाळणं, सुकवणं, मुरवणं

खणलेली माती आधी पूर्ण सुकू द्या, ओली ढेकळं पाण्यात टाकली तर दिवसच्या दिवस विरघळत नाहीत, सुकी ढेकळं मात्र पाणी लागताच आपोआप विस्कटतात. बादलीत सुकी ढेकळं, वर पाणी, रात्रभर तसंच. सकाळी ढवळून पिठाच्या चाळणीतून एकदा आणि मग जुन्या सुती कापडातून एकदा गाळा. दगड, मुळं, खेकड्याचे अवशेष सगळं मागे राहतं. गाळलेला गाळ दोन दिवस बसू द्या, वरचं निवळ पाणी काढून टाका, खालचा दाट गाळ साडीत बांधून पडवीच्या वाशाला टांगा, अगदी श्रीखंडाचा चक्का टांगतो तसा. उन्हाळ्यात तीन चार दिवस लागतात, पावसात दहा दिवसही.

मळण्याजोगी झाली की गोळे करून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि निदान पंधरा दिवस विसरून जा. मुरलेली माती ताज्या मातीपेक्षा जास्त लवचिक होते, पाणी प्रत्येक कणापर्यंत पोचतं आणि आत जे सूक्ष्मजीव वाढतात तेही तिला लवचिक करतात. वास येतो, काळसर डाग पडतात, ते चांगलं लक्षण.

नुसती चिकट माती सुकताना फार आवळते आणि तडकते, म्हणून तिच्यात काहीतरी खरबरीत मिसळतात. नदीची चाळलेली वाळू, चाळलेली राख, भाताचं तूस किंवा भाजलेल्या जुन्या मडक्याची भुकटी. या भुकटीला ग्रॉग म्हणतात आणि फुटलेल्या भांड्याचा हा सगळ्यात चांगला उपयोग. तूस भट्टीत जळून जातं आणि बारीक पोकळ्या सोडून जातं, चुलीवरच्या भांड्याला ते उपयोगी पडतं. सुरुवातीला दहा वाटी मातीला दीड ते दोन वाटी वाळू किंवा ग्रॉग घेऊन बघा, मग वळीची परीक्षा परत करा.

मळणं

कणीक मळायची सवय असलेल्याला अर्धं काम येतंच, फरक एवढाच की कणकेत आपण घडी घालतो आणि मातीत घडी घातली की हवा कोंडते. दोन्ही तळव्यांनी गोळा पुढे आणि खाली ढकलायचा, परत आपल्याकडे गुंडाळून आणायचा, परत ढकलायचा, घडी न घालता. पन्नास साठ वेळा. मग तारेने मधोमध कापून बघायचं, आत भोकं किंवा वेगळ्या रंगाचे पट्टे दिसले तर अजून. काकी मोठा घाणा पायाने तुडवतात आणि मग हाताने मळतात, टाचेखाली खडा लागला की थांबून काढून टाकतात, चाळणीतून सुटलेला खडा पायाला कळतो.

एक गैरसमज फार पसरलाय, की हवेचा बुडबुडा राहिला तर भांडं भट्टीत फुटतं. भांडं फुटतं ते पाण्याने. आत राहिलेलं पाणी १०० डिग्रीला वाफ होतं, वाफ पाण्याच्या साधारण १६०० ते १७०० पट जागा मागते आणि ती मिळाली नाही की भिंत उडवते. बुडबुडा त्रास देतो तो चाकावर, बोटाखाली आला की भिंत हलते. म्हणून मळणं महत्त्वाचंच, पण भट्टीतल्या स्फोटाचं कारण सुकवण्यात शोधा.

हाताने करायच्या तीन पद्धती

पहिली चिमट्याची, पिंच पॉट. लिंबापेक्षा मोठा, मोसंबीएवढा गोळा डाव्या तळहातावर घ्या, उजवा अंगठा मधोमध खुपसा, तळाला बोटाच्या अर्ध्या पेराएवढी माती ठेवून थांबा. मग अंगठा आत, बोटं बाहेर, हलका चिमटा आणि गोळा थोडा फिरवा, परत चिमटा, परत फिरवा. खालून सुरुवात करून वर या, काठ शेवटी. काठ आधी पातळ केला तर तो सुकतो आणि फाटतो. भेग दिसली की पाणी लावायचा मोह होतो, पाण्याऐवजी बोटाने घासून बुजवा, पाणी लावत राहिलात तर वाटी बसते. भिंत ६ ते ८ मिलिमीटर, सगळीकडे सारखी. पणती, बोळकं, संक्रांतीचं सुगड, सगळं या एका पद्धतीने होतं आणि पहिले पंधरा दिवस हेच करा असं मी सांगेन.

दुसरी वळ्यांची. करंगळीएवढ्या जाड वळ्या करायच्या आणि चकलीसारख्या एकावर एक चढवत जायचं. प्रत्येक वळी आतून बोटाने खाली ओढून आधीच्या वळीत मिसळायची, निदान आतून तरी पूर्ण, नाहीतर सुकताना त्याच रेषेवर सुटते. एका दिवसात चार पाच वळ्यांच्या वर जाऊ नका, खालचं लेदर हार्डच्या जवळ येऊ द्या, मग पुढचं. मोठा रांजणसुद्धा असा होतो.

तिसरी लाटून. दोन सारख्या जाडीच्या पट्ट्या दोन्ही बाजूंना ठेवा, मध्ये माती, लाटणं त्या पट्ट्यांवर टेकलं की जाडी आपोआप सारखी. खाली कापड, नाहीतर चिकटते. पोळीसारखी दर थोड्या वेळाने उलटून फिरवून लाटा, एकाच दिशेने लाटलेली माती सुकताना त्या दिशेला वाकडी होते. ट्रे, फरशी, चौकोनी कुंडी यासाठी ही पद्धत.

जोड देताना नियम एकच, दोन्ही तुकडे सारखे ओले. लेदर हार्ड भांड्याला ताजा ओला कान लावला तर कान जास्त आवळतो आणि मुळाशी तडा जातो. दोन्हीकडे काट्याने किंवा जुन्या टूथब्रशने खरबरीत करा, स्लिप लावा, दाबून थोडं हलवा म्हणजे आतली हवा निघते, कडेने बारीक वळी लावून सारखं करा. मग प्लास्टिकखाली रात्रभर, दोघांचं पाणी एकमेकांत वाटून सारखं होऊ दे.

चाक

आता चाक. आपल्याकडची जुनी चाकं जड, काठीने गती दिलेली, सुटी फिरणारी. आता बरेच जण विजेचं वापरतात. शिकायला विजेचं बरं, कारण गती हातात राहते.

सगळ्यात कठीण पायरी पहिलीच, मध्य साधणं, सेंटरिंग. अर्धा ते पाऊण किलोचा गोळा घ्या, जास्त नको. चाकाच्या मधोमध आपटून चिकटवा. हात ओले, चाक जोरात. डावं कोपर मांडीला नाहीतर पोटाला टेकवून घट्ट, डाव्या तळव्याने बाजूने आत ढकला, उजव्या हाताच्या कडेने वरून खाली दाबा. ताकद हातात नसते, ती अंगातून येते, कोपर सुटं राहिलं की गोळाच तुमचा हात हलवतो. माती वर चढवून कोन करायचा, परत खाली दाबायचा, असं तीन चारदा. बोट स्थिर धरलं आणि गोळा न हलता फिरला की साधलं. आणि हात काढताना हळूच, झटक्याने काढला की सगळं परत वाकडं.

मग उघडणं. अंगठे मधोमध खाली, तळाला साधारण सेंटीमीटरभर माती ठेवून थांबायचं. सुई खुपसून तळाची जाडी मोजता येते, भोक आपोआप बुजतं. उघडल्यावर तळ आतल्या बाजूने, कडेकडून मध्याकडे, बोटाने दोन तीनदा दाबा. हे विसरलात तर सुकताना तळाला इंग्रजी एस सारखा तडा जातो. तळात पाण्याचं तळं साठलं असेल तर स्पंजने टिपा, तेही तडा जायला कारण.

मग भिंत उचलणं. डाव्या हाताची बोटं आत, उजव्याची बाहेर आणि थोडी खाली, दोघांमध्ये माती पकडून चाकाच्या गतीबरोबर हळूहळू वर. चाक आता सेंटरिंगपेक्षा सावकाश. एका फेरीत पूर्ण उंची मिळत नाही, तीन ते पाच फेऱ्या धरा, जास्त केल्या की माती पाणी पिऊन दमते आणि बसते. प्रत्येक फेरीनंतर काठ बोटाने हलका दाबून सारखा करा. तोंड आवळायचं असेल तर दोन्ही हातांनी गळा धरल्यासारखं सगळीकडून आत, याला कॉलरिंग म्हणतात. शेवटी तारेने नाहीतर ओल्या दोऱ्याने कापून उतरवा.

दुसऱ्या दिवशी लेदर हार्ड झालं की उलटं ठेवून बूड तासायचं. हे ट्रिमिंग. जड बूड हलकं होतं आणि भांडं उभं राहायला खाली कडी येते.

गोल बुडाची मडकी मात्र आपल्याकडे चाकावर पूर्ण होत नाहीत, हे मला काकींकडे जाईपर्यंत माहीत नव्हतं. चाकावर जाड भिंतीचा आकार काढून तो थोडा कडक होऊ देतात, मग आतून दगडी गुंडा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्याने चोपायचं. राख भुरभुरवत चोपलं की थापटणं चिकटत नाही. भिंत पातळ होते, पोट फुगतं, बूड बंद होतं, आणि चोपलेली माती दाबून घट्ट बसल्यामुळे भांडं मजबूत होतं. बुडाला कोपरा नसतो म्हणून चुलीवर उष्णता सगळीकडे सारखी पसरते. संत गोरा कुंभारांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून कच्चं मडकं कोणतं ते सांगितल्याची कथा आपण सगळ्यांनी ऐकलीय, ते थापटणं हेच.

सुकवणं, म्हणजे कोकणातली खरी परीक्षा

भांडं तडकतं ते एक बाजू दुसऱ्या बाजूच्या आधी सुकली म्हणून. काठ आणि कान आधी सुकतात, बूड शेवटी. म्हणून पहिले दोन दिवस प्लास्टिक किंवा ओलसर फडकं काठावर टाकून, लेदर हार्ड झालं की उलटं करून, बूड वर. फळीवर खाली कागद ठेवा म्हणजे भांडं आवळताना सरकू शकतं.

समुद्राकाठी दुपारी खारे वारे सुरू होतात आणि रात्री मतलई वारे उलट दिशेने. मी सुरुवातीला भांडी खळ्यात, म्हणजे अंगणात, ठेवायचे, वारा लागतो म्हणजे लवकर सुकतील असं वाटायचं, आणि समुद्राकडची बाजू आधी सुकून प्रत्येक भांडं एका बाजूला कललेलं. आता पडवीच्या आतल्या कोपऱ्यात, वाऱ्यापासून दूर, आणि रोज पाव फेरी फिरवते.

पावसात उलटी गत. जून ते सप्टेंबर हवेत एवढी ओल की भांडं सावकाश सुकतं, तडे कमी जातात, ते फायद्याचंच. पण पूर्ण कधीच सुकत नाही. दिसतं सुकं, गालाला लावलं की गार. एका श्रावणात अशीच दिसायला सुकी बारा भांडी मी ओळखीच्या एका स्टुडिओच्या भट्टीत नेऊन दिली आणि पाच फुटली, शेजारच्या दुसऱ्या कोणाच्या कामालाही टवके लागले, त्याचं मला अजून वाईट वाटतं. मी घाई करते तेव्हा काकी म्हणतात, "सुकांदे गो बाय, घाय कित्याक?" पावसात आता मी भांडी चुलीच्या वरच्या माळ्यावर आठवडाभर ठेवते, आणि भट्टीवाल्यांना सांगते की आधी १०० च्या खाली, ८०-९० डिग्रीला पाच सहा तास धरून ठेवा.

सुकलेलं भांडं कोरड्या सँडपेपरने घासू नका. मातीच्या धुळीत सिलिका असते आणि ती वर्षानुवर्षं फुप्फुसात साठत राहते. ओल्या स्पंजने पुसून घ्या, आणि कामाची जागासुद्धा झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

लेदर हार्डच्या थोडं पुढे गेल्यावर नदीतल्या गुळगुळीत गोट्याने किंवा चमच्याच्या पाठीने घासलं की चकाकी येते. काव (गेरू) पाण्यात कालवून पातळ स्लिपमध्ये मिसळून आधी लावली तर लाल रंग खुलतो. घासलेली चकाकी कमी तापमानाच्या भाजणीतच टिकते, १००० च्या पुढे गेली की मरते.

भाजणं

भट्टी नसेल तरी आव्यासारखं, म्हणजे कुंभार भांडी रचून भाजतात तसं, उघड्यावर भाजता येतं. मिरगाच्या आधी, एप्रिल-मे मध्ये, सकाळी लवकर, वारा सुटायच्या आत. काजू-आंब्याच्या बागेपासून आणि सुक्या गवतापासून लांब, भोवती चार हात जमीन साफ, पाण्याच्या दोन कळश्या आणि सोबतीला दुसरं माणूस. वणव्याचे दिवस असतात ते.

गुडघ्याच्या निम्म्याएवढा खोल खड्डा. आधी त्यात छोटी आग करून जमिनीतली ओल घालवा. भांडी आगीच्या कडेने मांडून दोन तास शेकवा, दर थोड्या वेळाने फिरवा, हात लावता येणार नाही इतकी तापू द्या. ही धुरी चुकवू नका. थंड स्टीलची ताटली भांड्याच्या तोंडावर धरा, तिच्यावर वाफ धरली तर अजून पाणी आहे.

मग तळाला शेणी, वर भांडी उपडी, मोठ्यांच्या पोटात छोटी, मधल्या जागेत करवंट्या आणि नारळाची सोडणं (वरची सालं), भोवती आणि वर परत शेणी, मग पेंढा, आणि वरून राख-मातीचा ओला लेप, खाली चार आणि वर दोन भोकं सोडून. खालून पेटवा. हळू पेटलं पाहिजे. ५७३ डिग्रीला मातीतल्या वाळूचे स्फटिक एकदम फुगतात आणि थंड होताना तिथेच एकदम आवळतात, म्हणून चढताना आणि उतरताना दोन्हीकडे त्या टप्प्यातून सावकाश जायचं. भोकातून आत अंधुक लाल दिसलं की ७०० च्या आसपास, चेरीसारखं लाल म्हणजे ८०० च्या आसपास. अशा आव्यात साधारण ७०० ते ९०० पर्यंत जातं. मग विझू दे, रात्र जाऊ दे, आणि राखेत हात सुखाने घालता येईपर्यंत उघडू नका.

हवा मोकळी मिळाली तिथे मातीतलं लोखंड लाल होतं, हवा कोंडली आणि धूर शिरला तिथे काळं. मुद्दाम काळं भांडं हवं असेल तर शेवटी, लाल असतानाच, तूस टाकून सगळी भोकं बंद करायची. फोडून बघितल्यावर मध्ये काळा थर दिसला तर आतला कार्बन जळायला वेळ मिळाला नाही, पुढच्या वेळी अजून सावकाश.

बाहेर काढल्यावर नखाने ठोका. टणटणीत आवाज आला तर भाजलं, ठप्प आला तर कच्चं किंवा कुठेतरी तडा. संगमनेरजवळच्या जोर्वे इथे तीन हजार वर्षांपूर्वीची लाल भांडी सापडली, वर काळी नक्षी काढलेली, चाकावर केलेली, त्यांच्या वर्णनात अभ्यासक आवर्जून लिहितात की ती ठोकल्यावर धातूसारखी वाजतात. परीक्षा तेव्हाही हीच असणार.

विजेच्या भट्टीत भाजत असाल तर कोनचे आकडे कळायला हवेत. कोन म्हणजे मातीचा छोटा सुळका, ठराविक उष्णता ठराविक वेळ मिळाली की वाकतो. कोन ०६ म्हणजे साधारण १००० डिग्री आणि कोन ६ म्हणजे साधारण १२२०. त्या शून्याने दोनशे डिग्रीचा फरक पडतो, शेतातली माती चुकून ६ ला गेली तर वितळून भट्टीच्या फळीवर पसरते.

ग्लेझ आणि बरणी

ग्लेझ म्हणजे भांड्यावर वितळवलेली काच. सिलिका काच करते, पण एकटी ती १७०० डिग्रीच्या आसपास वितळते, म्हणून ते तापमान खाली आणायला फ्लक्स घालतात, फेल्डस्पार, बोरॉन, चुना, लाकडाची राख असं. ॲल्युमिना त्याला भांड्यावरून ओघळू देत नाही. बिस्क भांडं दोन तीन सेकंद बुडवून काढलं की ते पाणी शोषतं आणि भुकटीचा थर वर राहतो. बुडाची कडी पुसून स्वच्छ ठेवा, नाहीतर भांडं फळीला चिकटतं. काच आणि माती थंड होताना वेगवेगळं आवळली की वर जाळी पडते, तिला क्रेझिंग म्हणतात.

लोणच्याची बरणी चिनीमातीचीच का, लाल मातीची का नाही, याचं उत्तर इथे आहे. आगळ (कोकमाचा खारवलेला रस), खारातल्या कैऱ्या यात आम्लही आणि मीठही, सच्छिद्र भिंतीत ते झिरपतं आणि बाहेर लोणा फुटतो. बरणी पूर्ण पकलेली असते, तिच्यात शिरायला जागाच नाही. पण कुठली तरी शोभेची चमकदार भांडी, ज्यांच्या ग्लेझमध्ये काय आहे ते सांगता येत नाही, त्यात आंबट ठेवू नका. काही ग्लेझमध्ये शिसं असतं आणि आम्लात ते उतरतं.

माठ आणि खापर वापरताना

कोकणातला माठ नागपूरसारखं गार पाणी देत नाही म्हणून लोक कुंभाराला दोष देतात. माठ गार करतो तो भिंतीतून झिरपलेलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं म्हणून, आणि आमची हवा आधीच ओली. ३३ डिग्री आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर माठ फार तर २८ च्या आसपास नेऊ शकतो. विदर्भात ४२ डिग्री आणि २० टक्के असताना तो २४ च्या आसपास जाऊ शकतो. माठ वाऱ्याच्या वाटेवर, सावलीत आणि जमिनीपासून वर ठेवा, तेवढंच आपल्या हातात.

घावणे किंवा खापरोळ्यांसाठी खापर केलं असेल तर ते रात्रभर पाण्यात बुडवा, मग त्यात तांदळाची पेज घालून मंद आचेवर अर्धा तास उकळा. पेजेतला स्टार्च छिद्रांत बसतो. पेज ओतून टाका, खापर सुकू द्या, तेल लावून परत मंद आचेवर तापवा. गरम खापरावर थंड पाणी नको, साबण नको, तो भिंतीत मुरतो. पहिले दोन घावणे चिकटतात, ते गाईला घाला. तिसरा सुटून येतो.